समीक्षकांनी ऐकले ते खोटे नव्हते

प्रति,
मा. संपादक,
रविवार पुरवणी विभाग

विषय : ‘डाफ्ट पंक’च्या २००५ मधील अल्बमवरील लेखाबाबत

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत ‘डाफ्ट पंक’ या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीच्या ‘ह्युमन आफ्टर ऑल’ या अल्बमवर आणि तो नवा असताना त्याला मिळालेल्या संमिश्र प्रतिसादावर आलेला लेख लक्षपूर्वक वाचला. असा विषय मराठी वृत्तपत्राने घ्यावा आणि त्यासाठी जवळपास अर्धे पान द्यावे, याबद्दल आपले मनापासून अभिनंदन. मात्र लेखाचा शेवट ज्या निष्कर्षावर झाला आहे तो मला पटलेला नाही. त्या वेळचे समीक्षक चुकले, काळाने जोडीला न्याय दिला, असे लेखकाने म्हटले आहे. माझ्या मते समीक्षकांनी जे ऐकले ते बव्हंशी खरेच होते. मात्र ते कुठे बसून आणि कशावर ऐकले, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही आणि आपल्या लेखकानेही तो त्यांना विचारला नाही.

आधी अल्बमची हकिगत थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण लेखात ती फार आटोपती आली आहे. तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो या दोघांचा पहिला अल्बम ‘होमवर्क’ १९९७ चा आणि दुसरा ‘डिस्कव्हरी’ २००१ चा. दुसऱ्यावर त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ घालवला होता. त्यानंतरचा ‘ह्युमन आफ्टर ऑल’ मात्र २००४ च्या उत्तरार्धात अवघ्या सहा आठवड्यांच्या आसपास, मोजक्या गिटारी, ड्रम मशीन आणि व्होकोडर (माणसाचा आवाज यंत्रासारखा करणारे उपकरण) एवढ्याच सामग्रीवर उरकला आणि मार्च २००५ मध्ये बाजारात आला. जोडीने त्याबद्दल मुलाखती जवळजवळ दिल्याच नाहीत. साहजिकच ‘डिस्कव्हरी’ची लखलखती, सुरेल गाणी डोक्यात ठेवून बसलेल्या समीक्षकांना हा कोरडा, खरखरीत आणि त्याच त्या तुकड्यावर फिरणारा अल्बम घाईने केलेला वाटला. ‘पिचफोर्क’ या अमेरिकी संगीतविषयक नियतकालिकाने त्याला दहापैकी ४.९ गुण दिले. काहींनी त्यातला रोखठोकपणा उचलून धरला, पण एकूण सूर निराशेचा होता.

आता त्या तक्रारींकडे पाहू. सर्वांत मोठी तक्रार पुनरावृत्तीची होती. ‘रोबोट रॉक’ या गाण्यात ‘ब्रेकवॉटर’ या अमेरिकी बँडच्या १९८० च्या एका गाण्यातला गिटारचा तुकडा घेऊन तोच चार-पाच मिनिटे फिरवला आहे आणि मधून मधून यंत्राच्या आवाजात गाण्याचे नाव म्हटले आहे. ज्याच्या कानावर लहानपणापासून खंजिरी भजन पडले आहे, त्याला एकच ओळ दहा मिनिटे म्हणण्यात काही वावगे वाटण्याचे कारण नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील कोणत्याही भजन मंडळात धृपद पुन्हा पुन्हा येते आणि कोणी कंटाळत नाही. परंतु तिथे ओळ तीच राहिली तरी तिच्याखालचे सगळे हलत असते. खंजिरीचा जोर एका मात्रेवरून दुसरीवर सरकतो, लय अर्ध्या पायरीने चढते, मागचे टाळकरी एकदम गप्प होतात आणि मग दुप्पट जोराने येतात. ‘रोबोट रॉक’च्या तबकडीवर हे हलणे जवळजवळ नाही. म्हणून ज्या समीक्षकाने त्याला एकसुरी म्हटले त्याने उगाच दोष काढला असे मी म्हणणार नाही. ‘टेक्नोलॉजिक’ हे गाणे मात्र वेगळे. त्यात एका चिमुकल्या, चिरक्या आवाजात यंत्राला द्यायच्या आज्ञांची नुसती यादी आहे. तरीही ती यादी ठेक्याच्या वर-खाली अशी नेमकी बसवली आहे की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. पुनरावृत्ती कुठे वाढत जाते आणि कुठे नुसती चालत राहते, हा फरक बहुतेक परीक्षणांत केलेला नव्हता. सगळ्या अल्बमला एकच शिक्का मारून मंडळी मोकळी झाली. शेवटचे ‘इमोशन’ सुमारे सात मिनिटे रेंगाळते आणि ‘ऑन/ऑफ’ हा तर टीव्हीचे चॅनेल बदलल्यासारखा वीस सेकंदांचाही नसलेला तुकडा आहे. या दोन्हींची बाजू आजही कोणी घेऊ नये.

मग पुढे काय बदलले? तबकडी तर तीच राहिली. २९ एप्रिल २००६ रोजी कॅलिफोर्नियातील ‘कोचेला’ महोत्सवात ही जोडी दिव्यांनी मढवलेल्या एका पिरॅमिडमध्ये बसून वाजवू लागली आणि २००७ मध्ये तोच कार्यक्रम घेऊन जगभर फिरली. १४ जून २००७ च्या पॅरिसमधील प्रयोगाचे ध्वनिमुद्रण ‘अलाइव्ह २००७’ या नावाने निघाले आणि २००९ मध्ये त्याला इलेक्ट्रॉनिक व नृत्यसंगीताच्या अल्बमसाठीचा ग्रॅमी मिळाला. ज्यांनी तो ऐकला आहे त्यांना ठाऊक असेल की त्याची सुरुवातच ‘रोबोट रॉक’ने होते, पण ते एकटे येत नाही, ‘होमवर्क’मधल्या ‘ओ येह’बरोबर गुंफून येते. ‘टेलिव्हिजन रूल्स द नेशन’ हे तबकडीवर निर्जीव वाटणारे गाणे ‘डिस्कव्हरी’तल्या ‘क्रेसेंडॉल्स’शी जोडले आहे. पहिले जड पावलांनी चालत राहते आणि त्याच पावलांवर दुसऱ्याचा जल्लोष येऊन आदळतो तेव्हा हजारो माणसे एकदम ओरडतात, ते ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येते. म्हणजे २००५ मधली गाणी अपुरी होती ही गोष्ट खुद्द त्या दोघांनीच मान्य केल्यासारखी आहे, नाहीतर त्यांनी त्यांना जोड दिली नसती. समीक्षकांनी अपुरेपण ओळखले. फक्त ते अपुरेपण कशासाठी तरी राखून ठेवलेल्या जागेसारखे असू शकते, याचा अंदाज त्यांना आला नाही. आणि येणार तरी कसा? परीक्षणासाठी आलेली प्रत घरी किंवा कार्यालयात हेडफोनवर एक-दोनदा ऐकून ठरल्या दिवशी मजकूर द्यायचा, ही त्या धंद्याची रीत आहे.

हे मी केवळ वाचून लिहीत नाही. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या धानपट्ट्यातल्या, नाटकांना मी बरीच वर्षे आधी ऑर्गनवर आणि आता की-बोर्डवर साथ करतो. आमच्या वडशातून दिवाळीनंतर नाटक मंडळ्या बाहेर पडतात आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या जिल्ह्यांत होळीच्या आसपासपर्यंत गावोगाव प्रयोग चालतात. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप पडतो, रात्री उशिरा घंटा होते आणि पहाटेपर्यंत नाटक चालते. तबल्याच्या शेजारी आता ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, असतो. की-बोर्डवरून सनई, व्हायोलिन आणि वेळ पडली तर पावसाचा आवाजही काढावा लागतो. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे पॅरिस-लंडनकडचे काहीतरी, असे आमच्याकडे कोणाला वाटत नाही, कारण ते रात्रभर आमच्या हाताखाली असते.

तिथे एक गोष्ट लवकर कळते. दुपारी रिकाम्या मंडपात साउंडवाल्याबरोबर बसून जो आवाज लावतो, तो रात्रीचा आवाज नसतो. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून आवाज वर उचलला जातो, त्यामुळे दुपारी मागच्या बांबूपाशी उभे राहिले तर पॅडचा ठोका पोकळ लागतो. रात्री जमीन थंड पडली की तोच आवाज खाली वाकून लांब पसरतो. थंडीच्या दिवसांत शेजारच्या गावात बसलेल्या माणसाला आमच्या नाटकाचे पद ओळखू येते ते यामुळेच. शिवाय माणसे येऊन बसली, शाली-घोंगड्या पांघरल्या की वरचे टोकदार स्वर त्या गर्दीतच जिरतात आणि मिक्सरवर टॉप वाढवावा लागतो. दुपारी मला भडक वाटलेला एक सिंथेसायझरचा आवाज रात्री अगदी बरोबर बसतो. दुपारी गोड वाटलेला आवाज रात्री कोणाला ऐकूही जात नाही. आमच्या साउंडवाल्याचे म्हणणे असे की, “मास्तर, पब्लिक बसल्याशिवाय आवाज लागला म्हणू नका.” तो कोणत्याही संगीत विद्यालयात गेलेला नाही, पण हे एक वाक्य २००५ च्या बहुतेक परीक्षणांना लागू पडते.

ड्रम मशीनचा खर्जातला ठोका पन्नास हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याची एक लाट हवेत जवळपास सात मीटर लांब असते. मोबाइलच्या बारक्या स्पीकरला इतका खालचा आवाज धड काढताच येत नाही. हेडफोनमध्ये तो कानाला ऐकू येतो, पण छातीला लागत नाही. ज्या संगीताचा अर्धा अर्थ छातीत उमटायचा असतो, त्याचे परीक्षण करताना ते मोबाइलवर ऐकले, हेडफोनवर ऐकले की मोठ्या बॉक्ससमोर, एवढे एक वाक्य लिहायला समीक्षकाला काय हरकत असावी? नाटकाच्या परीक्षणात प्रयोग कुठल्या नाट्यगृहात झाला ते आपण आवर्जून छापतो. शास्त्रीय संगीताची मैफल खुल्या मैदानात होती की बंद सभागृहात, हेही जाणकार लेखक सांगतो. इलेक्ट्रॉनिक अल्बमबाबत मात्र तारे मोजून कारभार आटोपतो.

हा प्रकार एकाच जोडीच्या बाबतीत घडला असता तर मी पत्र लिहिण्याच्या भानगडीत पडलो नसतो. ‘जस्टिस’ ही फ्रान्समधलीच दुसरी जोडी, गास्पार ओजे आणि झाविए द रोने यांची. त्यांचा २००७ चा पहिला अल्बम गाजला. २०११ चा ‘ऑडिओ, व्हिडिओ, डिस्को’ रॉककडे झुकला म्हणून त्यावर मते दुभंगली. २०१६ च्या ‘वुमन’लाही पहिल्याइतके कौतुक लाभले नाही. त्यानंतर मंचावर वाजवताना जुन्या-नव्या गाण्यांच्या ज्या जुळण्या त्यांनी केल्या होत्या, त्याच स्टुडिओत पुन्हा बसवून २०१८ मध्ये ‘वुमन वर्ल्डवाइड’ काढला आणि २०१९ चा ग्रॅमी त्याला मिळाला. दोन जोड्या आणि मधे दहा वर्षांचे अंतर, तरी घटना तीच. ग्रॅमी म्हणजे अंतिम निवाडा असे मी मानत नाही. पण अर्धवट वाटलेली गाणी लोकांसमोर वाजून पूर्ण झाली, हे दोन्हीकडे दिसते.

आपल्या लेखकाने ‘काळाचा न्याय’ म्हटले आहे त्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. काळ नेहमी कलावंताच्याच बाजूने कौल देतो असे नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘पिचफोर्क’ने आपलेच काही जुने गुण पुन्हा तपासले. त्यात ‘डिस्कव्हरी’चे मूळचे ६.४ गुण वाढून थेट १० झाले. पण याच जोडीच्या २०१३ मधल्या ‘रँडम अॅक्सेस मेमरीज’चे गुण ८.८ वरून ६.८ वर उतरले. या २०१३ च्या अल्बमला जानेवारी २०१४ मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळालेला होता, हे ध्यानात घ्यावे. एकाच नियतकालिकाने एकाच जोडीला एकीकडे वर नेले आणि दुसरीकडे खाली आणले. वीस वर्षांनी कोणाचा आकडा बरोबर निघाला हे पाहत बसण्यापेक्षा त्या आकड्यामागे लिहिलेले कारण टिकले का, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. ‘डिस्कव्हरी’च्या वेळी ‘वन मोअर टाइम’मधला गायकाचा आवाज यंत्रातून काढून इतका वाकवला आहे म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली होती. आज आमच्याकडच्या लग्नाच्या वरातीतले गाणेच काय, भक्तिगीतसुद्धा त्याच यंत्रातून निघते. ते कारण टिकले नाही. ‘इमोशन’ लांबले आहे, हे कारण मात्र आजही तसेच उभे आहे.

त्या २०१३ च्या अल्बमच्या स्वागतात मला आणखी एक गोष्ट खटकली होती. नाइल रॉजर्सची गिटार आणि ओमर हकीम, जॉन रॉबिन्सन यांच्यासारखे वादक घेऊन त्यांनी तो बनवला, तेव्हा आता कुठे हे खरे संगीत झाले, असा सूर कौतुकातून उमटत होता. म्हणजे आधीच्या सोळा वर्षांत जे झाले ते खोटे संगीत होते की काय? यंत्राने केलेल्या कामात कष्ट नसतात, बटण दाबले की झाले, हा समज सगळीकडे सारखाच आहे. ऑर्गन सोडून की-बोर्ड घेतला तेव्हा मलाही गावोगाव हेच ऐकावे लागले. ऑर्गनवर ज्यांनी माझी वाहवा केली होती तेच म्हणू लागले, आता काय, सगळे मशीनच वाजवते! पायाने भाता मारण्याचा त्रास वाचला एवढे खरे. पण कुठला आवाज कुठल्या प्रवेशाला, किती जोराने आणि कोणाच्या वाक्याखाली सोडायचा, ते मशीन सांगत नाही.

याच समजापायी आपल्याकडचा एक मोठा वादक उपेक्षित राहिला. मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंह यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीचा ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बेसचे यंत्र आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन घेऊन भैरव, ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. तबकडी निघाली आणि विस्मरणात गेली. पुढे १९८७ मध्ये शिकागोत याच टीबी-३०३ च्या विचित्र, पिळवटलेल्या आवाजावर ‘अॅसिड हाउस’ नावाचा संगीतप्रकार उभा राहिला आणि ‘डाफ्ट पंक’ची सुरुवातीची गाणी त्याच वळणातून आली. चरणजित सिंहांची तबकडी एका डच संग्राहकाच्या हाती लागून २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जगाने कान टवकारले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘ह्युमन आफ्टर ऑल’ला निदान बरे-वाईट म्हणणारे कोणीतरी होते आणि त्या बोलण्यावर आज आपण वाद घालू शकतो. भैरव आणि ड्रम मशीन यांचे जमले की नाही, यावर त्या काळी कोणी वाईट जरी लिहिले असते तरी चालले असते. प्रतिकूल परीक्षणाने माणूस संपत नाही. ‘डाफ्ट पंक’ हे नावच मुळी त्यांच्या आधीच्या बँडची टर उडवणाऱ्या ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकातल्या परीक्षणातून उचललेले आहे.

डीजेच्या नावाने चालणारा धिंगाणा यात मी धरत नाही, हे येथे स्पष्ट केलेले बरे, नाहीतर माझ्या पत्राचा आधार घेऊन कोणी बॉक्सची भिंत उभी करील. घरांच्या खिडक्या थरथरतात आणि म्हातारी माणसे छातीला हात लावून आत बसतात, ते मोठ्या आवाजाचे संगीत नसून नुसता मोठा आवाज आहे. त्याचा बंदोबस्त पोलिसांनी करावा, समीक्षकांनी नव्हे.

आपल्याकडे माझी मागणी साधी आहे. इलेक्ट्रॉनिक संगीताचे परीक्षण छापताना तारे हवे तर ठेवा, वाचकांना ते आवडतात. पण त्याखाली ते कशावर, किती वेळा आणि कोणत्या जागी ऐकले हे लेखकाकडून लिहून घ्या. परदेशी परीक्षणांचे सार देताना एकाने चार तारे दिले आणि दुसऱ्याने दोन, एवढ्यावर न थांबता त्या दोघांनी कोणत्या गाण्याबद्दल काय कारण दिले, ते सांगा. कार्यक्रम पाहून लिहिता येण्यासारखा असेल तर अल्बम निघाल्याच्या आठवड्यातच निकाल लावण्याची घाई करू नका. आणि हाच नियम घरच्या संगीतालाही लावा. झाडीपट्टीच्या नाटकावर आपल्या दैनिकात अधूनमधून बातमी येते. कलाकार किती, गर्दी किती, आमदार कोण आले होते, हे सगळे असते. पार्श्वसंगीताबद्दल बरे-वाईट एक अक्षर नसते. वाईट असेल तर तसे लिहा, पण कुठे बिघडले तेवढे सांगा.

येत्या हंगामात आपल्या संगीत प्रतिनिधीला वडशाकडे पाठवणार असाल तर त्यांना एवढेच सुचवावे की, मानाच्या खुर्चीवर पहिल्या रांगेत बसू नये. तिथे उजवीकडच्या बॉक्सचा आवाज तेवढा कानावर येतो आणि तबला जवळपास गायब होतो. मंडपाच्या मधोमध, साउंडवाल्याच्या मिक्सरशेजारी जागा मागून घ्यावी. तो नाही म्हणत नाही.

आपला नम्र,
झाडीपट्टी रंगभूमीवरील एक की-बोर्ड वादक,
देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली